अणुकचऱ्याचं भांडार आणि गावाचा होकार

प्रश्न (औंढा नागनाथ) : आमच्याकडच्या लायगो प्रकल्पात अणुऊर्जा विभागाचं नाव आहे. म्हणून लोक म्हणतात, पुढेमागे अणुकचरा इथेच पुरणार. खरं आहे का?

लायगोचा अणुकचऱ्याशी काही संबंध नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून लेसर सोडून अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या, हे त्याचं काम. पण शंका उघड विचारलीत हे फार बरं केलंत. पारावर कुजबुज होत राहिली असती तर ती वाढतच गेली असती. विभागाच्या माणसांनी गावात येऊन, मराठीत, हे समजावून सांगायला हवं.

प्रश्न (किल्लारी) : भूकंप झालेल्या भागात असं भांडार होऊ शकतं का?

भारतात खोल भूगर्भातलं भांडार अजून कुठेच नाही. अणुभट्टीत वापरलेल्या इंधनावर पुनःप्रक्रिया करून उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत गोठवतात आणि देखरेखीखाली साठवतात. फिनलंडने ओल्किलुओतोला सुमारे ४३० मीटर खोल खडकात भांडार खोदलं आहे. तिथे तांब्याच्या डब्यांभोवती बेंटोनाइट माती भरायची योजना आहे. ती पाणी लागताच फुगून फटी बुजवते, अगदी पावसाळ्यातल्या आपल्या काळ्या रानासारखी. पण उन्हाळ्यात त्याच काळ्या मातीला केवढ्या भेगा पडतात, हे तुम्हाला मी काय सांगावं!

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेपर्यंत किल्लारीचा टापू भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षितच धरला जात होता. त्यामुळे उद्या कुणी ‘इथे काही होत नाही’ म्हणालं, तर ‘कशावरून?’ असं खडसावून विचारायचा तुमचा पुरता हक्क आहे.

प्रश्न (लातूर) : जनसुनावणीत सगळ्यांनी विरोध केला तर प्रकल्प थांबतो का?

नाही. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे हरकती मांडायला किमान ३० दिवसांची मुदत देऊन सुनावणी होते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी ती चालवतात, हरकती नोंदवल्या जातात. नकाराधिकार मात्र मिळत नाही. व्यूहात्मक कारण दाखवून केंद्राला सुनावणी वगळताही येते.

मला सगळ्यात खुपतं ते हे, की सुनावणीच्या वेळी जागा ठरलेलीच असते. फिनलंडमध्ये १९८७च्या कायद्याने स्थानिक पालिकेला नकाराधिकार दिला. ओल्किलुओतो ज्या एउरायोकी पालिकेच्या हद्दीत येतं, तिने जानेवारी २०००मध्ये २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, तो ‘नाही’ म्हणायची मुभा असताना. उलट जर्मनीत गोर्लेबेनची जागा १९७७मध्ये वरून लादली. चाळीसेक वर्षं आंदोलनं झाली आणि २०२०मध्ये ती जागा वगळली गेली.

प्रश्न (केज) : मोबदला घेतला की तोंड बंद होतं का?

पैशाची बोलणी सुरक्षिततेचे प्रश्न मिटल्यावरच करा. एकाच बैठकीत दोन्ही विषय घेऊ नका.

प्रश्न (औसा, बचत गट) : अशा बैठकांना आम्हा बायकांना कुणी बोलावत नाही. काय करावं?

याचं उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. भूकंपानंतर घरं दुरुस्त करायच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. सरकारी योजना घरोघर समजावून सांगायची आणि लोकांच्या अडचणी वर पोचवायच्या, हे काम त्यांनी केलं. गावातल्या त्या थोरल्या बायकांना गाठा, त्यांना पुढे करा. बैठक खुरपणीच्या वेळेला ठेवली असेल, तर वेळ बदलून मागा आणि अर्जाची पोच घ्या.