कथेत संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, हे बरोबर आहे का?

सोयीचं आहे म्हणून सगळे करतात. पण मग लेखक ओट्यावर आणि पात्रं खाली अंगणात बसलेली दिसतात.

आम्ही वऱ्हाडातल्या दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. माझी एक कथा एका दिवाळी अंकानं घेतली. सातबाऱ्यावर नाव न चढलेली म्हातारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून पोराशी भांडते, एवढीच गोष्ट. तिचं वाक्य होतं, "मी नाई येत बाप्पा. वावर मायं हाय. मी अठीच बसतो." अंक हातात आला तर छापलेलं, "मी येणार नाही, कारण शेत माझं आहे. मी इथेच बसते."

फोन केला. संपादक म्हणाले, 'बसतो' ही तुमची चूक वाटली, बाई आहे ना ती? अहो, आमच्याकडच्या बाया 'मी येतो, मी बसतो'च म्हणतात. माझी आई जन्मभर तसंच बोलली. आणि ते 'कारण' कुठून आलं? चिडलेली म्हातारी कारणं देत नाही, एकेक वाक्य तोडून फेकते. वरून सल्ला, पुढच्या वेळी तळटिपा द्या. भांडणाला तळटिपा!

वऱ्हाडी म्हणजे हसवायची भाषा, असं यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. लीळाचरित्र तेराव्या शतकात आमच्याच अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला लिहिलं गेलं. त्यातली माणसं अशीच लहान लहान वाक्यांत बोलतात. तिथं कोणी हसत नाही.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर गोष्ट कोण सांगतंय ते आधी ठरवा. गावातलाच माणूस सांगत असेल तर निवेदनही बोलीत येऊ द्या. पुण्यात नोकरीला गेलेला पोरगा सांगत असेल तर तो प्रमाण मराठीत सांगेल आणि आईचा फोन आला की वऱ्हाडीवर येईल. ते घसरणंच कथेच्या कामाचं.

मात्र प्रत्येक डोळ्याचा 'डोया' अन् शाळेची 'शाया' करत बसू नका, वाचक थकतो. 'काय करून राह्यला बे' एवढ्यात गाव कळतं. आणि हे सगळं वऱ्हाडापुरतं. झाडीबोलीत लिहीत असाल तर भंडारा-गडचिरोलीकडच्या कोणाला तरी दाखवा.

छापायच्या आधी प्रूफ मागाच. मी आता पहिल्याच पानावर लिहितो, 'संवादांना हात लावू नये.' त्या अंकाचं पत्र अजून दरवर्षी येतं. कथा मात्र जात नाही.