बाथरूमची खिडकी लहान आहे, एक्झॉस्ट फॅन लावला तर आत गॅस गीझर बसवता येईल का?

नाही, बसवू नका. गीझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावा आणि गरम पाण्याची लाइन तेवढी आत घ्या. प्लंबरला चार-पाच फूट पाइप जास्त लागेल, तो कुरकुर करेल; करू द्या.

भीती गळतीची कमी आणि धुराची जास्त आहे. गळक्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास असतो, तो लगेच कळतो. पण हवा कमी पडली की बर्नर नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, आंघोळ करणारा आतून कडी लावलेल्या बाथरूममध्ये बेशुद्ध पडतो. पंखा तो चालू असेपर्यंतच काम करणार. लाइट गेली की थांबला. शिवाय दार-खिडकी बंद असताना तो गीझरचा धूरच उलटा खोलीत ओढू शकतो.

बाल्कनीला काचा लावून ती बंद केली असेल, तर तीही बाथरूमसारखीच समजा.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली, तर वापर थांबवून मेकॅनिक बोलवा. गॅसच्या पाइपचे सांधे गळतात का, ते साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून कधीच नाही. आणि सिलिंडरवरून पाइप गॅसवर येत असाल तर जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्या) बदलावे लागतात, जुनाच गीझर तसाच जोडू नका.