प्राचीन चिनी मूर्तींमागचा अर्थ काय? मला तर सगळे चेहरे सारखेच दिसतात

तुम्ही लिहिलंय की परदेशातल्या एका म्युझियममध्ये चिनी बुद्धांचं अख्खं दालन पाहिलंत, सगळे सारखेच शांत, आणि बाहेर पडताना हाती काही लागलं नाही. माझंही तेच झालं होतं. पुढे कामानिमित्त चीनमधल्या लुओयांग शहरात दोन महिने काढावे लागले. रविवारी दुसरं काही करण्यासारखं नसायचं म्हणून लोंगमेनच्या लेण्यांत जायचो. तिथे एक चिनी सहकारी मूर्ती सोडून शेजारची अक्षरं वाचून दाखवायला लागला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

यी नदीच्या दोन्ही काठांवर चुनखडीच्या कड्यांत लाखभर मूर्ती आहेत आणि जोडीला सुमारे २,८०० लेख. काम सुरू झालं इ. स. ४९३ च्या आसपास, उत्तर वेई घराण्याच्या राजांनी राजधानी लुओयांगला हलवली तेव्हा. गुयांग नावाच्या लेण्यात ४९५ सालचा एक लेख आहे. यूची नावाच्या, एका मंत्र्याच्या पत्नीने वारलेल्या मुलासाठी मैत्रेयाची, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाची, मूर्ती करवली. मुलाचं नाव न्यूज्युए. आई मागते काय, तर तो या जन्ममरणाच्या मुलखातून सुटून जिथे कसलाच अडसर नाही तिथे जावो. हा मजकूर आज चीनमध्ये सुलेखन शिकणारे गिरवतात, अक्षराला वळण यावं म्हणून. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आईचं दुःख असं कित्त्यात जाऊन बसलंय.

म्हणजे मूर्ती आधी पाहण्यासाठी नव्हतीच. ती करवणं हे पुण्य, आणि ते पुण्य दुसऱ्याच्या नावावर करता येतं अशी ती श्रद्धा. आपल्याला हे नवं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत सतराव्या लेण्यातला लेख वाचा, इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, ते लेणं आईवडिलांना उद्देशून दिलंय. चीनमध्ये मात्र त्याला वेगळीच धार आली. तिथल्या लोकांचा बौद्ध धर्मावर जुना आक्षेप होता: पोरगा डोकं भादरून घर सोडणार, मग म्हाताऱ्या आईबापांकडे कोण बघणार, पितरांचं कोण करणार, वंशाचं काय? त्या काळच्या लेखांत ‘सात पिढ्यांचे आईवडील’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते उगाच नाही. धर्म आईबापांना विसरायला लावत नाही, हे लोक दगडावर लिहून देत होते.

राजांचा हिशेब निराळा. ४४६ मध्ये एका वेई सम्राटाने बौद्धांवर वरवंटा फिरवला, विहार पाडले. त्याचा नातू गादीवर आल्यावर ४६० च्या सुमारास दातोंगजवळ युनगांगला तानयाओ या भिक्षूच्या देखरेखीखाली पाच महाकाय बुद्ध कोरले गेले, पाच वेई सम्राटांच्या नावाने, असं मानतात. बुद्ध आणि राजा एकच ठरला की पुढचा राजा मूर्ती फोडणार कशी? मला यात भक्तीइतकाच धूर्तपणा दिसतो. लोंगमेनचा सतरा मीटरचा वैरोचन बुद्धही दरबाराचाच; ६७२ मध्ये सम्राज्ञी वू हिने आपल्या शृंगारखर्चातून नाण्यांच्या वीस हजार माळा दिल्या आणि ६७५ मध्ये तो पुरा झाला. त्याचा चेहरा तिचाच, असं गाईड छातीठोकपणे सांगतात. लेखात तसा शब्दही नाही.

पहिल्या चिनी सम्राटाच्या थडग्याजवळचे ते प्रसिद्ध टेराकोटाचे (भाजलेल्या मातीचे) सैनिक मी इथे घेत नाही. ते तर पुरण्यासाठीच घडवलेले, तो विषय वेगळा.

लाकडी मूर्तींचं अजून एक आहे, बऱ्याच आतून पोकळ असतात आणि पोकळी रिकामी नसते. ९८५ मध्ये चोनेन या जपानी भिक्षूने चीनमधल्या ताइझोऊला शाक्यमुनीची एक मूर्ती करवली, ती आज क्योटोत आहे. विसाव्या शतकात ती उघडली तर आत रेशमाची शिवलेली फुप्फुसं, काळीज, आतडी निघाली. शेवटी डोळे उघडायचा विधी, त्याला चिनीत ‘काइगुआंग’ म्हणतात. आपल्या प्राणप्रतिष्ठेत नेत्रोन्मीलन असतं, त्याचा हा जवळचा नातेवाईक. त्याआधी ते नुसतं लाकूड.

आणि त्या दालनात एक पाय गुडघ्यात उभा दुमडून ऐसपैस बसलेली कोणी देखणी मूर्ती दिसली असेल, तर ती बहुधा ग्वानयिन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. औरंगाबाद लेण्यांत सात नंबरला तो आग, चोर, साप, बुडती नौका अशा आठ संकटांतून माणसांना सोडवताना कोरलाय. चिनी नावाचा अर्थ ‘आवाज जाणणारा’, कारण संस्कृतात जुनं रूप ‘अवलोकितस्वर’ असंही होतं. त्यातला ‘स्वर’ चिनीत टिकला, आपल्याकडे ‘ईश्वर’ उरला. सोंग राजघराण्याच्या काळापासून (दहाव्या शतकापासून) पुढे हळूहळू तो तिकडे बाई झाला. मूल मागायला बायका तिच्याकडे जातात.

आता तुमच्या सारख्या चेहऱ्यांबद्दल. पुन्हा गेलात तर नुसतं मस्तक असेल तिथे मान पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विक्रीसाठी लेण्यांतून ढिगाने मस्तकं तोडून नेली. कोणी, कोणासाठी करवलं हे सांगणारी अक्षरं मागे भिंतीवरच राहिली. लोंगमेनच्या बिनयांग लेण्यात राजा आणि राणी लवाजम्यासह पूजेला निघालेत, असे दोन मोठे शिल्पपट होते. १९३० च्या दशकात ते तुकड्या-तुकड्यांनी निघाले. राजा आता न्यूयॉर्कला, राणी कॅन्सस सिटीला. मी पाहिली ती भिंत, छिन्नीच्या घावांची.