प्रोटीनमधली अमिनो आम्लं: क्रमवारी का अनुक्रम?

कोथरूडच्या एक शिक्षिका बारावीच्या मुलांसाठी मराठीत नोट्स काढतायत, त्यांनी विचारलंय की प्रोटीनमधल्या अमिनो आम्लांच्या सिक्वेन्सला 'क्रमवारी' म्हणायचं का 'अनुक्रम', आणि एडमन डिग्रेडेशनला (हा सिक्वेन्स वाचायची एक पद्धत) 'एडमन ऱ्हास' लिहिलं तर चालेल का.

माझं मत अनुक्रमला. क्रमवारी आपण लावतो हो. टेनिसची क्रमवारी, मार्कांप्रमाणे क्रमवारी, म्हणजे आधी सगळं विस्कळीत होतं आणि कुणीतरी एक निकष धरून ओळीत बसवलं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात केमिस्ट काही लावतबिवत नाही, ओळ पेशीने आधीच लावून ठेवलेली असते, याने ती फक्त वाचायची. 'सँगरने इन्शुलिनची क्रमवारी लावली' (सँगर म्हणजे इन्शुलिनमधली ओळ वाचणारा ब्रिटिश शास्त्रज्ञ) असं वाचलं की वाटतं इन्शुलिन यानेच बनवलं की काय. 'अनुक्रम शोधून काढला' म्हणा. 'ठरवला' पण नको, त्यात आपली मर्जी आली.

अजून एक घोळ हमखास होतो, मुलं घटक आणि अनुक्रम एकच समजतात. प्रोटीन 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बंद नळीत 110 अंशाला 24 तास ठेवलं की अमिनो आम्लांना जोडणारे पेप्टाइड बंध तुटतात आणि कुठलं अमिनो आम्ल किती ते कळतं, तेही पूर्ण नाही, कारण ट्रिप्टोफॅन नष्ट होतं आणि ॲस्पॅरजिन, ग्लुटामिन ही ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक ॲसिड होऊन मोजली जातात. पण ओळ गेली ना! स, र, ब, त अशी चार अक्षरं हातात आली तर मूळ शब्द 'सरबत' होता का 'बरसत' हे कसं सांगणार?

फ्रेडरिक सँगरची युक्ती इथे येते. फ्लुरोडायनायट्रोबेन्झीन साखळीच्या मोकळ्या अमिनो टोकाला चिकटतं, मग ॲसिडने सगळं तोडलं की जे पिवळं झालंय ते पहिलं (लायसिनची बाजूची शाखाही रंग पकडते, ते वेगळं ओळखावं लागतं). म्हणजे 'स' कळला, बाकीच्याचा भुगा. म्हणून त्याने साखळी अर्धवट तोडून छोटे तुकडे केले, त्यांची टोकं वाचली आणि एकमेकांवर चढणारे तुकडे जुळवत गेला. 'सर', 'रब', 'बत' मिळाले की सरबतच, बरसतमधून 'रब' निघूच शकत नाही. अशा रीतीने इन्शुलिनची 30 अमिनो आम्लांची बी साखळी 1951 मध्ये, 21 ची ए साखळी 1953 मध्ये आणि साखळ्यांना बांधणारे गंधकाचे पूल कुठेकुठे आहेत ते 1955 मध्ये, मग 1958 चं नोबेल. किती चिकाटी लागली असेल विचार करा.

पेर एडमनने 1950 मध्ये ही भुग्याची भानगडच मिटवली. फिनाइल आयसोथायोसायनेट सौम्य अल्कलीत टोकाला जोडायचं, मग पाणी नसलेल्या ॲसिडमध्ये फक्त ते पहिलं अमिनो आम्ल सुटतं, ते ओळखायचं, बाकी साखळी शाबूत आणि तिचं नवीन टोक मोकळं, की परत तेच. आता सांगा, याला ऱ्हास कसा म्हणणार? ऱ्हास जंगलाचा होतो, नैतिकतेचा होतो. 'विघटन' अगदी चूक नाही पण त्यात सगळंच सुटं होतं असा भास आहे, आणि इथे सगळी गंमत तर एका वेळी एकच सुटण्यात आहे. मी सरळ 'एडमनची पद्धत' लिहीन आणि खाली एका ओळीत 'टोकाकडून एकेक सोडवत जाणं'.

फक्त मुलांना हे सांगा की प्रत्येक फेरी शंभर टक्के होत नाही. 99 टक्के धरली तरी 50 फेऱ्यांनंतर साधारण 60 टक्केच साखळ्या एका तालात उरतात, बाकीच्या मागे पडून गोंधळ घालतात. त्यामुळे लांब प्रोटीन आधी तोडावं लागतं, सायनोजेन ब्रोमाइड मेथिओनिननंतर तोडतं, ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिननंतर (ट्रिप्सिन हे एन्झाइम, पण कामाला दोन्ही लागतात). आणि टोकाला ॲसिटिल गट बसलेला असेल तर एडमनची गाडी पहिल्याच फेरीला अडते.

जाता जाता, नोट्समध्ये रेसिड्यूला (साखळीत बसलेल्या अमिनो आम्लाला) 'अवशेष' लिहिलंय तुम्ही. अर्थाने चोख आहे, बंध होताना पाण्याचा रेणू निघून जातो आणि उरतं ते अवशेष, पण पुण्यातल्या पोरांना तो शब्द वाचून शनिवारवाडाच दिसणार. तिथे रेसिड्यूच ठेवा.