सकाळी कान मोकळे झाले म्हणून सुटलीस असं नाही

प्रिय,

तू लिहिलंस की सलग सहा तास एडिटिंग करून हेडफोन काढले तेव्हा कानात दडे बसल्यासारखं झालं, बारीक शिट्टी वाजत होती, पण झोपून उठल्यावर सगळं नॉर्मल, म्हणजे टेन्शन नाही ना? आहे. म्हणून तर लगेच लिहायला बसलोय, नाहीतर माझा आळस तुला माहितीच आहे.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात साधारण १५ हजार केशपेशी असतात. आवाजाने त्यांच्यावरचे तंतू हलतात आणि तिथून सिग्नल मेंदूकडे जातो. खूप वेळ मोठ्या आवाजाचा मारा झाला की या पेशी थकतात, आराम मिळाला की बऱ्याचशा सावरतात, आणि तू त्यालाच नॉर्मल म्हणतेयस. पण दरवेळी सगळ्या सावरतीलच असं नाही, आणि माणसात एकदा मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. २००९ मध्ये उंदरांवर केलेला एक प्रयोग आहे, त्यात मोठ्या आवाजानंतर उंदरांचं ऐकणं काही दिवसांत पूर्ववत झालं, पण केशपेशी आणि नस यांच्यामधले जोड मात्र कायमचे तुटलेले निघाले. माणसाचं अगदी तसंच होतं असं मी म्हणत नाहीये, पण "सकाळी ठीक वाटलं" या एवढ्या पुराव्यावर मी तरी माझे कान पणाला लावणार नाही. खरं तर लावून बसलोय, म्हणून सांगतोय.

माझ्या डाव्या कानाला ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा आहे, म्हणजे त्या उंच पट्टीचे आवाज त्या कानाला कमी ऐकू येतात. आवाजामुळे होणारं नुकसान बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं, आणि गंमत अशी की (गंमत कसली) आवाज कमी येतोय असं वाटतच नाही, वाटतं समोरचा पुटपुटतोय. स, श, थ असे बारीक आवाज वरच्या पट्टीत असतात, ते आधी गळतात, मग कोणी "साठ" म्हटलं की मला "आठ" ऐकू येतं. ज्याचं पोट बोलणं एडिट करण्यावर आहे त्याच्यासाठी हे काय आहे ते तूच समज.

आता कॉम्प्युटरचं. तू विचारलंस की स्लायडर किती टक्क्यांवर ठेवू. त्या टक्क्याला काही अर्थ नाही गं, प्लेअरचा व्हॉल्यूम वेगळा, सिस्टीमचा वेगळा, काही हेडफोनला स्वतःचं बटण असतं ते तिसरं, आणि त्याच ५० टक्क्यांवर एक हेडफोन कुजबुजतो नि दुसरा कानठळ्या बसवतो. खरा हिशोब डेसिबल आणि वेळ यांचा. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला ८ तास ही एक मर्यादा वापरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना हेडफोनसाठी यापेक्षा कडक आहे, ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास. आणि यातली मेख ही की ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो! तू संध्याकाळी "जरासा" वाढवतेस तेव्हा उरलेला वेळ गुपचूप निम्मा झालेला असतो. मोबाइलचं मीटर अॅप हेडफोनला चिकटवून मोजायला जाऊ नकोस, ते मोजमाप तसं होत नाही.

मी आता काय करतो तर सकाळी कान ताजे असताना व्हॉल्यूम शून्यापासून वर नेतो, शब्द नीट कळायला लागले की थांबतो, आकडा कागदावर लिहून ठेवतो, आणि दिवसभर त्याच्यावर जायचं नाही. संध्याकाळी आवाज कमी वाटायला लागला तर तो आवाज कमी झालेला नसतो, कान थकलेला असतो, मग हेडफोन काढून ठेवायचे. पटत नसेल तर रात्री जिथे सोडलं त्याच आकड्यावर सकाळी ऐकून बघ, दचकशील.

बाकी बहुतेक वेळा आपण आवाज वाढवतो तो आजूबाजूच्या गोंगाटावर मात करायला. खिडकी लाव, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घे, पंख्यासारखी एकसुरी घरघर नॉइज कॅन्सलिंगने (बाहेरचा गोंगाट दाबणारी हेडफोनमधली सोय) बरीच जाते, पण मग व्हॉल्यूम खाली आणायला विसरू नकोस, लोक तेच विसरतात. आणि क्लिपमधला माणूस हळू बोलत असेल तर क्लिपची लेव्हल वाढव, हेडफोनची नाही, नाहीतर पुढची क्लिप जोरात सुरू होते आणि तू खुर्चीतून उडतेस.

अचानक येणाऱ्या आवाजाचं तर वेगळंच. नवीन हेडसेट लावला की कधीकधी तो थेट १०० वर असतो, कुठल्यातरी टॅबमध्ये जाहिरात सुरू होते, कॉलवर कोणाचा तरी माइक किंचाळतो. म्हणून आधी हेडफोन गळ्यात, आवाज सुरू झाला की मग कानावर. एडिटिंगच्या मास्टर ट्रॅकवर (सगळे आवाज एकत्र होऊन जिथून बाहेर पडतात तो) लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन, टाकून ठेव, पण तो फक्त त्याच सॉफ्टवेअरचा आवाज अडवतो, नोटिफिकेशन बाजूने येऊन आदळतंच, तेव्हा ते बंद कर.

शिट्टी दोन दिवसांनंतरही राहिली तर कानाच्या डॉक्टरकडे जा. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं तर मात्र दोन दिवस काय, दुसऱ्या दिवसाचीही वाट बघू नकोस, त्यात उपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व असतं. आणि काही झालेलं नसलं तरी एकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून ठेव, पुढे तुलना करायला. मी पहिला काढला तोच खड्डा पडल्यावर.

आज रात्री हेडफोन लावू नकोस. फाइल उद्या देईन म्हणून सांग, आणि कोणी ओरडलं तर माझं नाव पुढे कर.

तुझा,
दादा