सॅम्युअल हे ख्रिश्चन नाव आहे ना? त्याचा अर्थ काय?

नाही, नाव ज्यू आहे. मूळ हिब्रूत श्मुएल, मराठी बायबलात शमुवेल, आणि आमच्या कुलाब्याकडच्या (म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या) बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरांत समाजी. मी स्वतः सॅम्युअल, आडनावाला गावाचं ‘कर’, घरात मराठी, तरी लोक विचारतात कुठल्या चर्चला जाता म्हणून.

दहावीनंतर शाळेतनं दाखला आणला तर धर्म ख्रिश्चन. क्लार्कनं विचारलंपण नाही, नाव वाचलं आणि लिहून मोकळा. मी म्हटलं बदलून आणू, तर बाबा म्हणाले राहू दे रे, कागदच आहे, कुठं अडणारे. आजी दोन दिवस बाबांशी बोलली नाही. आठव्या दिवशी सुंतेला, एलियाहू हन्नबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) खुर्चीवर ठेवून हे नाव दिलेलं, तिच्या सासऱ्यांचं, समाजी. ती म्हणायची मशिदीत (आमच्यात सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाला, जुनी माणसं मशीदच म्हणतात) दिलेलं नाव तू कारकुनाच्या हाती कसं सोडलंस.

आणि अडलंच की. २०१६ ला महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पुढे मुलीच्या ॲडमिशनला ते सर्टिफिकेट काढायला गेलो तर बापाचा शाळेचा दाखला आणा, आणि त्यावर ख्रिश्चन! प्रतिज्ञापत्र, सिनेगॉगचं पत्र, शाळेत सात चकरा. बाबा अजून म्हणतात झालं ना शेवटी काम, मग कशाला उगाळतोस. मला ते पटत नाही, तेव्हा एका दिवसात झालं असतं.

अर्थाचं म्हणाल तर, बायबलातल्या शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना, तिला मूल होत नव्हतं, तिनं शिलोच्या देवळात नवस केला, नुसते ओठ हलत होते, आवाज नाही, तर तिथल्या एली याजकाला वाटलं बाई प्यायलीय. मुलगा झाला तेव्हा ती म्हणाली, देवाकडे मागून घेतला म्हणून शमुवेल. पण ‘मागणे’ला हिब्रू शब्द ‘शाअल’, तो खरं तर शौल नावात नीट बसतो, आणि त्याच शौलाला पुढे शमुवेलनंच अभिषेक करून राजा केलं. ‘शेम’ म्हणजे नाव, ‘एल’ म्हणजे देव, म्हणून ‘देवाचं नाव’ हा अर्थ मला जवळचा वाटतो. ‘देवानं ऐकलं’ असंही सगळीकडे सांगतात, पण ऐकण्याचा धातू धरला तर मधलं एक अक्षर गळतं, त्यामुळे तो अर्थ ओढूनताणून आहे. हन्नाची ही गोष्ट रोश हशनाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी वाचतात.

आणि समाजी म्हणजे नाव बिघडवलं असं कुणी म्हणत असेल तर त्याला मुंबईत मशीद बंदरजवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवर न्या. तिथलं शार हरहमीम सिनेगॉग १७९६ ला स्थापन करणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर, त्यांना समाजी हसाजी म्हणायचे. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग ते.

ख्रिश्चनांनी हे नाव ठेवू नये असं मी म्हणत नाहीये, त्यांच्याही बायबलात शमुवेल आहेच. मुलाचं ठेवत असाल तर खुशाल ठेवा, पण शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना आईबापानं स्वतःच्या हातानं भरायचा आणि दाखला खिडकीतच उभं राहून वाचायचा. माझ्या बाबांनी एवढंच करायला हवं होतं.