तुमचं-आमचं : पेटी वाजवायची तरी कधी?

ताई, नमस्कार. बँकेतून निवृत्त झालो आणि लहानपणापासून मनात असलेली पेटी शिकायला लागलो. सर म्हणतात, रोज तासभर पलटे, म्हणजे सुरांच्या ठरावीक ओळींचा सराव, झालेच पाहिजेत. आमचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या नि हॉल. सून घरूनच काम करते, तिच्या मीटिंगा चालू असतात. खालच्या मजल्यावरचा मुलगा बारावीला आहे, त्याची आई वर येऊन सांगून गेली. नातू विचारतो, "आजोबा, तुम्हाला दुसरं काही येत नाही का?" या वयात सगळ्यांना त्रास देऊन शिकायचं म्हणजे अपराध्यासारखं वाटतं. पेटी विकून टाकावी का?
एक वाचक, डोंबिवली

दादा, विकायचं नाव काढू नका. तुमचं पत्र मी नीट वाचलं. तुम्ही पेटी शिकताय याला घरात कुणाचाच विरोध नाही. तक्रार आहे ती आवाजाची आणि वेळेची, आणि या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत.

आधी आवाजाचं बघू. मी भजनी मंडळात पेटीची साथ करते आणि माझा सगळा रियाज भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात झालाय, म्हणून खात्रीने सांगते. पेटी थेट फरशीवर ठेवली की तिचा घुमारा स्लॅबमधून खाली उतरतो. खाली जुनी गोधडी घाला, नाहीतर जाड सतरंजीची चौपदरी घडी. हॉलमध्ये बसू नका. ज्या खोलीत गाद्या, पडदे आणि कपड्यांचं कपाट आहे तिथे बसा, कापड आवाज पिऊन टाकतं. पेटीच्या पुढचे सगळे स्टॉपर ओढून बसायची नवशिक्याला हौस असते. तुमच्या पेटीत सुरांच्या दोन ओळी असतील तर पलट्यांना एकच ओळ उघडा आणि सतत घुमणाऱ्या सुरांचे स्टॉपर बंद ठेवा. भाता धसमुसळेपणाने हाणू नका. डाव्या हाताचा दाब हलका आणि एकसारखा राहिला की आवाज आपोआप खाली येतो, आणि पुढे गाणाऱ्याची साथ करताना तोच हात कामी येतो. भरघोस आवाज काढणं सोपं असतं, बारीक आणि न तुटणारा सूर धरणं अवघड. शेजाऱ्यांमुळे का होईना, तुम्हाला ते पहिल्यापासून शिकायला मिळतंय.

आणखी एक. निम्मा रियाज मुक्याने करता येतो. भाता बंद ठेवायचा, पट्ट्यांवर बोटं ठेवायची आणि मनात सारेग, रेगम, गमप म्हणत बोटं फिरवायची. अंगठा खालून सरकवून पुढची पट्टी घ्यायची सवय अशी मुक्यानेच उत्तम लागते, कारण कानाला ऐकू येत नसल्यामुळे सगळं लक्ष बोटांवर राहतं. हातावर ताल धरून मात्रा मोजणं, सरांनी दिलेली बंदिश वहीत स्वरलिपीत उतरवणं, हाही रियाजच आहे. तासातली पंचवीस-तीस मिनिटं यात जाऊ द्या. आवाजाची उरली अर्धा तास.

आता वेळ. "मी वाजवलं तर चालेल का गं?" असं रोज सुनेला विचारू नका. रोज विचारलं की तिला रोज उत्तर शोधावं लागतं आणि नाही म्हणायचं ओझंही तिच्यावरच पडतं. रविवारी तिच्याबरोबर बसा, आठवड्याच्या मीटिंगा कधी आहेत ते विचारा आणि एक वेळ ठरवून टाका. समजा संध्याकाळी सहा ते साडेसहा. ती वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावा. खालच्या घरी मात्र तुम्ही स्वतः जा, त्या बाई पुन्हा वर यायची वाट बघू नका. मुलगा क्लासला कधी जातो ते विचारा आणि त्याच वेळात वाजवा. रात्री दहापर्यंत वाजवायचा आपल्याला हक्क आहे, असं सुचवणारं कुणीतरी सोसायटीत भेटेलच. ते ऐकू नका. नियम दाखवून मिळवलेली शांतता जिन्यात भेटल्यावर टिकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, त्यानंतर सीईटी. तेवढे दिवस घरी मुका रियाज करा आणि आवाजाचा रियाज जवळच्या देवळात. भजनी मंडळांना पेटीवाला कायम हवा असतो. सुरुवातीला नुसता 'सा' धरून बसलात तरी ती माणसं तुम्हाला सांभाळून घेतील.

अपराधी वाटण्याबद्दल सांगते. पेटीने याहून फार मोठी मनाई सोसली आहे. तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, सापडत नाहीत, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. त्या काळात आपल्याकडे गोविंदराव टेंब्यांसारखे वादक होते, तरीही. पण घरोघरची, देवळातली आणि शाळेतली पेटी काही थांबली नाही. रेडिओने नाकारलेलं वाद्य माणसांनी आपल्या ओसरीवर जपलं. तुमची पेटी त्यातलीच आहे, ती झाकून ठेवायची गोष्ट नव्हे.

नातवाचं म्हणाल तर तो बरोबर विचारतोय. पलटे ऐकून मूल कंटाळणारच. त्याच्या शाळेत रोज होणारी प्रार्थना सरांकडून बसवून घ्या, त्याच्या गळ्याला कुठली पट्टी सोसते ते बघा आणि एक दिवस त्याला म्हणायला लावून मागे वाजवा. भाताही त्याच्या हातात द्या. मुलांना भाता फार आवडतो.

ताई, मी दरवर्षी चार-पाच दिवाळी अंक विकत घेते. एक जवळची मैत्रीण ते हक्काने नेते. काही होळीनंतर परत येतात, मुखपृष्ठ सुटलेलं, पानांवर हळदीचे डाग. काही येतच नाहीत. मागायला गेले तर "अगं, एवढं काय!" म्हणते. मैत्री तोडायची नाही, पण दर दिवाळीला मन खट्टू होतं.
एक वाचक, सातारा

खट्टू होणारच. एकेक अंक तीनशे-चारशे रुपयांना पडतो, आणि पैशाचं सोडलं तरी अंक जपणाऱ्या माणसाला मुखपृष्ठ सुटलेलं बघवत नाही. माझी सगळी नोकरी एका तालुक्याच्या वाचनालयात गेली. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून चालत आलेली ही गोष्ट घराघरांत टिकली ती एकमेकांना देण्या-घेण्यामुळेच. त्यामुळे देणं बंद करा, असं मी म्हणणार नाही. देण्याची रीत बदला.

वाचनालयात अंक आला की आम्ही आधी त्याला खाकी कागदाचं कव्हर घालायचो, नावनोंदणी करायचो आणि मगच तो बाहेर जायचा. तुम्ही सरत्या वर्षाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा कागद वापरा. जाड असतो, गुळगुळीत असतो, डाग पुसला जातो. कव्हरवर आतून तुमचं नाव आणि परत द्यायची तारीख लिहा. अंक हातात देताना मैत्रिणीचा अंकासकट फोटो काढा नि तिलाच पाठवा, "वाचून कसा वाटला ते कळव" म्हणून. कधी दिला, कुठला दिला, यावर मग वाद राहत नाही.

याहून चांगला उपाय साखळीचा आहे. तुमच्या ओळखीतल्या पाच-सहा जणी गोळा करा, तीही त्यात हवीच. प्रत्येकीने एक वेगळा अंक विकत घ्यायचा आणि दर दहा दिवसांनी पुढचीकडे द्यायचा. स्वतःचे पैसे घातलेला अंक दुसरीकडे अडकला की काय वाटतं, ते तिला कुणी सांगावं लागणार नाही. शिवाय अंक अडकला तर मागणारी तुम्ही एकटी नसाल, रांगेतली पुढची बाई मागेल. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या निमित्ताने सगळे अंक ज्याच्या त्याच्या घरी परत. आमच्या गावात अशा साखळीत बायका कथेवरून तावातावाने भांडलेल्या मी पाहिल्यात, आणि ते ऐकायला फार छान वाटतं.

जे अंक आधीच गेलेत त्यांच्यासाठी एकदाच, स्पष्ट आणि हसतमुखाने विचारा, "अमुक अंक मला दुसरीला द्यायचाय, गुरुवारी घ्यायला येते." आणि गुरुवारी जा. न मिळालेला अंक रद्दीच्या दुकानात शोधा. मार्च-एप्रिलमध्ये तिथे हमखास सापडतात.

माझी बहीण न्यू जर्सीला असते. दर रविवारी सकाळी सातला तिचा फोन येतो आणि आम्ही पोटभर बोलतो. पण नोव्हेंबर उजाडला की तिचा फोन आठला येतो. आठला मी योगवर्गाला निघालेली असते. ती म्हणते, "मी माझ्या वेळेलाच करते, तूच उचलत नाहीस." दर हिवाळ्यात आमचं बिनसतं.
एक वाचक, कोल्हापूर

दोघीही खरं बोलताय. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे येतात. उन्हाळ्यात तिच्यात नि आपल्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहा. ती वर्षभर शनिवारी रात्री साडेनऊलाच फोन लावत असणार. तुमच्याकडे मात्र तो कधी सातला वाजतो, कधी आठला. आपली घड्याळं बदलत नाहीत, त्यामुळे आपल्या हे लक्षातच येत नाही.

तिला सांगा, नोव्हेंबर ते मार्च शनिवारी रात्री साडेआठला फोन कर. तिच्या जेवणाच्या आड येत असेल तर तुम्ही रविवारी वर्ग संपल्यावर बोला, तिची झोपायची वेळ व्हायच्या आत. दोन्ही तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. बहीण दर आठवड्याला आठवणीने फोन करते, त्यात एका तासाची आडकाठी राहू देऊ नका.

आम्ही कॉलेजचे अकरा मित्र. ग्रुपवर दर पावसाळ्यात कळसूबाईचा बेत ठरतो, शुक्रवारी रात्री एकेक जण गळतो आणि शनिवारी सगळं रद्द. आता विचारायचाच कंटाळा येतो.
एक वाचक, ठाणे

अकरा जणांना विचारणं सोडा. जो खरंच येतो असा एक मित्र असेलच. त्याच्याशी बोलून तारीख पक्की करा आणि ग्रुपवर एवढंच लिहा, "आम्ही दोघं अमुक दिवशी पहाटेच्या कसारा लोकलने निघतोय, पुढे जीपने बारी गाव. यायचं त्याने स्टेशनवर भेटा." कोण येतंय याची मोजणी करू नका. जमलं तर रजा काढून मधल्या वारी जा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथल्या लोखंडी शिड्यांवर इतकी गर्दी होते की ओल्या अंगाने ताटकळावं लागतं. १६४६ मीटरवरच्या त्या देवळापाशी ढग हटले की समोर जे दिसतं ते दोघांनाही तेवढंच दिसतं. फोटो ग्रुपवर टाका. पुढच्या वेळी चौघं होतील.

वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतात ते आमच्या गॅलरीत ठिबकतं. यंदा वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं. काकू स्वभावाने फार चांगल्या, मला तुळशीचं रोपही त्यांनीच दिलंय. कसं सांगू?
एक वाचक, नाशिक

कुरडयांचं वाचून फार वाईट वाटलं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवू द्यायचा, पहाटे उठून शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. एवढं करून वाळत घातलेल्या कुरडईवर मातीचं पाणी पडलं की ती टाकूनच द्यावी लागते.

काकूंना वरून काही दिसत नाही, म्हणून त्यांना कळतही नाही. त्यांना खाली चहाला बोलवा आणि गॅलरीत नेऊन डाग दाखवा. तुळस देणारी बाई यावर रागावणार नाही. पाणी ठिबकतं ते बहुतेक दोन कारणांनी. माती फार कोरडी पडली की ती पाणी धरत नाही, घातलेलं सगळं कडेने निघून भोकातून खाली येतं. आणि कुंडीखाली ताटली नसते. त्यांना मातीत थोडं कोकोपीट मिसळायला सांगा, आणि पाणी एकदम तांब्याभर न ओतता दोनदा थोडं थोडं घालायला. पहिलं मुरलं की दुसरं. ताटल्या तुम्हीच घेऊन जा, तुळशीची परतफेड म्हणून. फक्त त्यात साचलेलं पाणी दोन-तीन दिवसांनी झाडातच ओतायला सांगा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दीड आठवड्यात त्यातून नवे डास बाहेर पडतात.

पुढच्या उन्हाळ्यात कुरडया घालायच्या आदल्या संध्याकाळी काकूंना एक निरोप द्या, म्हणजे ते दोन-तीन दिवस त्या रात्रीच पाणी घालतील. ताटल्या प्लास्टिकच्या घ्या आणि कुंडीच्या बुडापेक्षा चांगल्या चार बोटं मोठ्या. मातीच्या दिसतात छान, पण त्या पाझरतात.